बाही कोपरापर्यंत असेल तर

ये गं, अशी जवळ ये. दारात काय उभी राहतीस पाहुण्यासारखी, तो स्टूल ओढ आणि बस. आणि आधी तो फोन पालथा ठेव. तू इथं नाहीस हे मला ठाऊक आहे, इतका काही म्हातारचळ लागलेला नाही मला. पण समोर कुणी बसल्याबिगर मला बोलता येत नाही, आणि लिहिता तर मुळीच येत नाही. म्हणून तुला बसवलं.

काय म्हणालीस परवा फोनवर? "आत्या, माझ्या मैत्रिणीच्या आईला फंक्शनल प्रोग्रामिंग शिकायचंय. तुम्ही कुठनं कुठनं शिकलात, त्याची यादी पाठवा ना. पाच मिनिटांचं काम हाय." यादी! अगं, किराणा भरायचाय का त्या बाईला? साखर दोन किलो, शेंगदाणे एक किलो, फंक्शनल प्रोग्रामिंग पावशेर. पाच मिनिटांचं काम म्हणून बायका माझ्याकडं ब्लाऊजला हुक लावायला आणतात, आणि उलगडून बघावं तर सगळी बगल उसवलेली असते. तुझं हे तसंच आहे. यादी दिली तर ती बाई पहिल्या आठवड्यात कंटाळून सोडून देईल. म्हणून सगळं सांगते. ती मला ओळखत नाही, तेव्हा तुला पाठ असलेलंही तिच्यासाठी लिहावं लागेल. तू जांभया देऊ नकोस.

मी तेरला बायकांचे कपडे शिवते. शाळा सातवीपर्यंत. तुझा बाप माझा धाकटा भाऊ, त्याचं शेत वस्तीवर, तिथली शाळा चौथीलाच संपायची. म्हणून पाचवीला तू माझ्याकडं आलीस, ती बारावी होईस्तोवर राहिलीस. मला मूलबाळ नाही. मालक लवकर गेले, मुरुमचं सासर सुटलं, मी मशीन घेऊन माहेरच्या गावाला आले. पुढच्या खोलीत मशीन, कटिंगचं टेबल, आणि त्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात तू.

काय बोलायचीस बाई तू! शाळेतनं आलीस की दप्तर खाली टाकायच्या आधी तोंड सुरू. कुणी कुणाची वही फाडली, बाईंनी कुणाला बाकावर उभं केलं, पृथ्वी फिरती तर नदी सांडत का न्हाय. गिऱ्हाईक बाया मला विचारायच्या, "ही पोरगी झोपेत तरी गप राहती का वो?" मी म्हणायची, "झोपेत पाढे म्हणती." आणि तुला सांगायची, जरा दम खा, माझी टीप वाकडी जाती. वाकडी नव्हती जात. तू बोलत असलीस की उलट पाय पायडलवर आपोआप चालायचे.

मग तू इंजिनिअर व्हायला गेलीस. मग नोकरी. मग नेदरलँडला. आणि फोन असा व्हायला लागला:

"जेवलीस का?"

"हो आत्या."

"काम बरं हाय का?"

"हो."

"काय काम असतंय गं?"

"तेच. प्रोग्रामिंग."

चहाला उकळी यायच्या आत फोन संपलेला असायचा. एकदा मी हट्टच धरला. म्हटलं, प्रोग्रामिंग म्हणजे काय ते तरी सांग. तू म्हणालीस, "आमचं फंक्शनल असतंय. जाऊ द्या आत्या, तुम्हाला न्हाय कळायचं." रागानं नाही म्हणालीस, उलट लई मायेनं म्हणालीस. दमलेल्या माणसानं म्हणावं तसं. पण मी फोन ठेवला आणि हातातल्या ब्लाऊजची खालची पट्टी तीन वेळा उसवून तीन वेळा शिवली. पृथ्वी फिरती म्हणून नदी सांडत का न्हाय हे ज्या पोरीनं मला तासभर समजावून सांगितलं, तिच्याजवळ आता माझ्यासाठी शब्दच उरले नव्हते. म्हटलं, शब्द तिच्याकडचे आणायचे. ते जे काय फंक्शनल आहे ते शिकायचं, आणि हिच्याशी बोलायचं. एवढंच. मला नोकरी नव्हती करायची.

आता कुठनं शिकायचं? माझ्या समजुतीनं, शिकायचं म्हणजे क्लास. म्हणून सकाळच्या एसटीनं धाराशिवला गेले, एका कॉम्प्युटरच्या क्लासात. टेबलामागचा माणूस म्हणाला, "बोला मावशी."

"फंक्शनल प्रोग्रामिंग शिकायचंय."

"कुणाला?"

"मला."

तो हसला नाही, एवढं चांगलं केलं. पण त्यानं मान तिरपी करून माझ्या मागं बघितलं, कुणी पोरगी-बिरगी उभी आहे का म्हणून. मग म्हणाला, "मावशी, टायपिंग हाय. लग्नपत्रिका करायचं शिकवतो, ते लई चालतंय. हे तुमचं जे हाय ते इथं न्हाय."

"मग कुठं हाय?"

"पुण्याला असंल. पर मावशी, तुम्हाला ते लागतंय कशाला?"

ह्याला काय सांगावं? भाचीशी बोलायला लागतंय म्हणावं? मी म्हणाले, "असंच," आणि स्टँडवर येऊन बसले.

मग व्हिडिओ. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तू ठेवून गेलेला जुना लॅपटॉप उघडायचे. त्याची बॅटरी मेलेली, म्हणून प्लग घालूनच चालायचा. तू मला त्याच्यावर फोन लावायला शिकवलं होतंस, तेवढ्या जोरावर मी बाकीचं धुंडाळलं. व्हिडिओ शेकड्यांनी आहेत. त्या बाईला सांग, व्हिडिओंची कमतरता नाही, शिकवणाऱ्यांची आहे. इंग्रजीतला तर बोलतोच असा, जशी एसटी सुटायला लागलीय. हिंदीतला जरा बरा, पण तोही दर दोन वाक्यांनी म्हणतो, "ये तो बहुत आसान है." आसान आहे तर मला का येत नाही? मी कधी नव्या बाईला कटोरी कटिंग शिकवताना सोपं आहे म्हटलं नाही. सोपं म्हटलं की शिकणाऱ्याला वाटतं आपणच मंद. आणि एक अवघड गोष्ट आली की सगळ्यांची तारांबळ: एक म्हणतो डबा समजा, दुसरा म्हणतो नळी समजा, तिसरा म्हणतो रेल्वे समजा. मी डबा, नळी आणि रेल्वे तिन्ही वहीत काढली. चित्र छान आलं.

मग पुस्तक मागवलं. पार्सल उघडलं तेव्हा त्याचा वास इतका चांगला होता की मी त्याला कव्हर घातलं, शाळेतल्यासारखं. पहिल्या पानावर लिहिलेलं, हे पुस्तक वाचायला आधीचं काही यावं लागत नाही. फोननं मला मराठी करून दिलं ते. दुसऱ्या पानावर अशी चिन्हं सुरू झाली की देवाशपथ, तशी मी नुसती पोथीतल्या यंत्रात बघितली होती. तेवीस पानं हातानं उतरवून काढली. उतरवलं म्हणजे कळलं असं नसतं, पण हाताला सवय लागते. मग तेही थांबलं.

त्या दिवसांत तुझा फोन आला तर मी ह्यातलं काही काढलं नाही. काय सांगणार? चित्र छान आलंय?

एका दुपारी लॅपटॉपमध्ये इकडंतिकडं हात घालताना मला एक फोल्डर दिसलं. नाव होतं, आत्या. इंग्रजी अक्षरांत. आत एकच फाईल. उघडली आणि बघते तर काय, छाती. उंची. बाही. पन्हा. अक्षरं इंग्रजी, पण शब्द माझे! तेवीस पानांत जे झालं नाही ते तिथं झालं. मला वाचता येत होतं. सगळं नाही, पण ही छाती, हा पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, आणि ह्यातनं ही काढतीय की ब्लाऊजला कापड किती लागेल, एवढं मला कुणी न सांगता कळलं.

आणि मग आठवलं. तू दुसऱ्या वर्षाला होतीस. दिवाळीच्या सुट्टीला आलीस ती लॅपटॉप छातीशी धरून. "आत्या, बघा ना, तुमच्यासाठी केलंय. माप घालायचं की कापड सांगतंय." आणि माझ्यापुढं गिऱ्हाइकांचा ढीग, पाडव्याच्या आत द्यायचे ब्लाऊज. मी मान वर न करता म्हणाले, "माझी वही हाय की त्याला. नंतर बघू, गर्दी सरू दे." तू बरं म्हणालीस. दिवाळी सरली, तू गेलीस. मी ती गोष्ट विसरले, आणि तू परत कधी काढली नाहीस.

तर ती फाईल मला सापडली. आणि इथं मी जे केलं ते फक्त शिवणारी बाईच करील.

मला शिवण कुणी शिकवलं नाही. मुरुमला नवीन लग्न होऊन गेले तेव्हा नणंदेला शहरातनं शिवून आलेला एक ब्लाऊज होता, असा बसायचा की बघत राहावं. एका दुपारी सगळ्या निजल्यावर मी तो घेतला आणि टाका टाका उसवला. पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाही वेगळी. सगळे तुकडे चटईवर मांडले, कागदावर आखून घेतले, आणि परत होता तसा शिवून संध्याकाळच्या आत घडी करून ठेवला. सासूबाई निम्मं कानडी बोलायच्या. मधेच उठून आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "एन माडती?" म्हणजे काय करतीस. मी म्हणाले, शिकतीय. असे दहा-बारा कपडे मी लोकांच्या नकळत उसवले आणि शिवले. माझी शाळा ती.

तसंच मी तुझ्या प्रोग्रामचं केलं. एक ओळ काढायची, सेव्ह करायची, चालवून बघायचं, काय बिघडलं. लाल अक्षरं आली की समजायचं, ही ओळ ब्लाऊजच्या पाठीसारखी होती, तिच्याबिगर भागत नाही. मग दुसरी काढायची. तीन दुपारी मी उसवत होते, आणि खरं सांगते, इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता. मधे एक ओळ अशी लागली, जिच्या पुढं दोन बारक्या रेघा होत्या. तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: आत्याला विचारायचं, बाही कोपरापर्यंत असेल तर? ती ओळ काढली तर आणखी काहीच बिघडलं नाही. नवं लाल अक्षर नाही, काही नाही. कॉम्प्युटर तसल्या ओळी वाचतच नाही, त्या माणसासाठी असतात, हे मला फार मागाहून कळलं.

चौथ्या दिवशी म्हटलं, आता परत जोडू. आणि बघते तर तुकडे नाहीत. कापड उसवलं की बाही कुठं जात नाही, चटईवर पडलेली असते. मला वाटलं, काढलेल्या ओळी पण कुठंतरी पडल्या असतील. मी त्या स्क्रीनवरच्या कचऱ्याच्या डब्यात बघितलं. रिकामा. सगळ्या फोल्डरांत बघितलं. सेव्ह तर मी दर वेळी केलेलं, पक्का टाका म्हणून. फाईलीत उरल्या होत्या दोन ओळी आणि एक बंद कंस.

तुझ्या हातचं माझ्यासाठी केलेलं एकमेव काम, मी न बघता ठेवलेलं, आणि बघायला घेतलं तर मातीत घातलं. त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. शेजारीण ब्लाऊज न्यायला आली, तिला म्हटलं उद्या ये. "बरं न्हाय का काय?" म्हणाली. म्हटलं, "व्हय, जरा उसवलंय."

सुदैवानं पहिलं अर्धं पान मी वहीत उतरवलेलं होतं, उतरवायची खोड म्हणून. बाकीचं पान-दीड पान आता मलाच शिवावं लागणार होतं. तुझा एक शब्दही न विचारता. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

आणि त्या बाईला हे सांग: चांगलं साधन मला तेव्हा सापडलं. आधी नव्हतं का? होतं. तीच पानं मी महिनाभर आधी बघून पुढं गेले होते. पण तेव्हा मला सगळं शिकायचं होतं, आणि सगळं शिकायचं असलं की काहीच हाताला लागत नाही. आता मला एक ब्लाऊज पुरा करायचा होता. परदेशातल्या कुठल्याशा मास्तरनं फुकट ठेवलेल्या टिपणांची ती पानं. व्हिडिओ नाही, चित्र नाही, रेल्वे तर मुळीच नाही. एक गोष्ट सांगायची आणि खाली पाच बारकी गणितं द्यायची. सोपं आहे असं एकदाही म्हटलेलं नाही. एका ठिकाणी तर म्हटलंय, इथं बहुतेक जण अडतात, तुम्हीही अडाल, उद्या परत या. फोननं तेवढं मराठी करून दिलं तेव्हा मी त्या मास्तरला मनातनं नमस्कार केला. मी उद्या परत गेले. परवाही गेले.

आणि हळूहळू कळलं, की ह्यातलं निम्मं मी जन्मभर करतच आलेय. तेच माप घातलं की दर वेळी तेच उत्तर आलं पाहिजे, अमावस्या असो का पुनव, गिऱ्हाईक आवडीचं असो का नावडीचं. आणि गिऱ्हाइकानं आणलेला मापाचा ब्लाऊज कुणी कापत नाही. त्याच्यावरनं माप घ्यायचं, नवा शिवायचा, आणि जुना होता तसा घडी करून परत द्यायचा. फंक्शनलवाले म्हणतात तेच: हातातलं बदलू नका, त्याच्यावरनं नवं करा. मी हसले एकटीच. जन्मभर मापाचा ब्लाऊज सांभाळणारी बाई, आणि भाचीचा तेवढा कापून बसली.

पण बाहीपाशी मी अडले. महिना दीड महिना अडले. इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं जगभरची माणसं एकमेकांना अडलेलं विचारतात. मी फोनकडनं इंग्रजी करून घेतलं आणि लिहिलं, मी कपडे शिवते, माझी बाही बसत नाही. वाटलं, हसतील. कुणा अनोळखी माणसानं उत्तर लिहिलं. त्याचा अर्थ असा, की तुम्ही आधी हे करा, मग ते करा, असं कॉम्प्युटरला सांगताय. तसं सांगू नका. बाही म्हणजे काय, ते सांगा. कापड म्हणजे काय, ते सांगा. बाकी ते बघून घेतं. मी ते वाचून खडू घेतला आणि टेबलावरच लिहिलं. पन्हा मोठा असला तर बाही पाठीच्या शेजारी बसते, जादा कापड लागत नाही. पन्हा लहान असला आणि बाही कोपरापर्यंत असली, तर ती खाली वेगळी काढावी लागते, म्हणजे बाहीच्या उंचीइतकं कापड वाढतं. बस. हे तर मी कुठल्याही बाईला उभ्या उभ्या सांगितलं असतं. तुलाही सांगितलं असतं, तू विचारलं असतंस तर. तू विचारायचं म्हणून लिहून ठेवलंस, आणि मी मान वर केली नाही.

संक्रांतीच्या आधी ते चालू झालं. छाती छत्तीस, उंची चौदा, बाही कोपरापर्यंत. कॉम्प्युटरनं आकडा दिला, आणि मी टेपनं मोजून बघितलं. बरोबर होता.

मग रविवारी दुपारी तुला फोन लावला. म्हटलं आता सांगायचंच.

"तुझी एक वस्तू माझ्या हातनं बिघडलीय."

"काय? कुकर का?"

"तुझा प्रोग्राम. त्या आत्या नावाच्या फोल्डरातला. म्या उसवला."

"उसवला म्हणजे?"

"एकेक ओळ काढून बघितली. आन् सेव्ह केलं."

मी तयार होते, तू रागावशील, काही बोलशील. रागावलेलं चाललं असतं मला. पण तू म्हणालीस, "आत्या, कुठला प्रोग्राम?"

तुला आठवतच नव्हता.

चार महिने मी ज्याचं ओझं घेऊन फिरले, ते तू कधीच खाली ठेवून गेली होतीस. बरं वाटावं का वाईट, मला कळेना. मग तूच म्हणालीस, "थांबा थांबा. ओळी काढून का बघत होता तुम्ही?"

"शिकाया."

"काय शिकाया?"

"तू करतीस ते."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आत्या, स्क्रीन दाखवा मला. आत्ताच्या आत्ता."

दाखवली. तू स्क्रीनला नाक लावून वाचत होतीस, बारावीच्या निकालाला वाचलं होतंस तसं. मग फिस्सकन हसलीस. "हे काय नाव दिलंय? कापडकितीगं?"

"नाव मला कळायला पाहिजे का तुला?"

"आन् पन्हा शून्य आला तर? इथं बिघडेल तुमचं."

"शून्य पन्ह्याचं कापड तुझ्या नेदरलँडला मिळत असंल. तेरला न्हाय मिळत."

मग जी तू सुटलीस! हे असं लिहा, ते तसं लिहा, हे दोन ओळींत होतंय आत्या, हे तुम्ही कुठं शिकलात, हे तर आमच्या ऑफिसात पण लोकांना धड येत नाही. त्या पोरीनं दीड तास माझं डोकं खाल्लं. दारात दोन बाया येऊन थांबल्या, त्यांना मी हातानंच बसा म्हणून खुणावलं. एक म्हणाली, "कोण भांडायलंय का?" मी म्हणाले, "न्हाय, माझी भाची बोलायलीय."

मैत्रिणीच्या आईला माझ्याकडनं एवढंच सांग. डबे, नळ्या, रेल्वे सोडून द्या. बोलणारा मास्तर नको, गणितं देणारा बघा. आपल्या कामातली एक बारकी गोष्ट घ्या, पोळ्यांची कणीक का असेना, आणि तेवढी पुरी करा. विचारायला लाजू नका. आणि काही उसवायच्या आधी त्याची एक नक्कल करून ठेवा बाई, एवढं तरी माझ्यावरनं शिका.

आता ते झालं त्याला वर्ष होत आलं. दर रविवारी तुझा फोन येतो. तू माझी फाईल दुरुस्त करून पाठवतीस, मी तुझी दुरुस्ती नावं बदलून परत पाठवते. सगळं चांगलं चाललंय. मी जे मागितलं ते मला मिळालं. पण खरं सांगू? आपण बोलतो ते प्रोग्रामचं बोलतो. तुझी भाषा मी थोडी शिकले, पण त्या भाषेत कुणी कुणाची वही फाडली ते सांगता येत नाही. तिथं तुला थंडी कितपत बाधते, शेजारीण कशी आहे, तू एकटी जेवतीस का कुणाबरोबर, ह्याच्यातलं काही मला ठाऊक नाही. स्क्रीनवर तुझा चेहरा येतो तो गळ्यापर्यंत. तुझे हात काय करत असतात ते दिसत नाही, आणि लहानपणापासून मी तुझ्या मनातलं हातावरनं ओळखलंय. काही लपवायचं असलं की तू चिंधीचे धागे ओढत बसायचीस.

मागच्या रविवारी बोलता बोलता तू मधेच म्हणालीस, "आत्या, एक सांगू का?" मी म्हणाले सांग की. तुझे डोळे खाली गेले. आणि मग म्हणालीस, "जाऊ द्या, नंतर. मीटिंग हाय." रविवारी कसली गं मीटिंग?

मी तेव्हापासून त्या एका वाक्यापाशी अडलेय, आणि ह्याला कुठलंही पान, कुठलाही मास्तर मिळत नाही. जगभरच्या माणसांना विचारून उत्तर येण्यातलं ते नाही. ते तुझ्याकडनंच यायला पाहिजे, आणि ते फोनवर येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे म्हणून तर गिळलंस.

भाऊ म्हणतो, पुढच्या वर्षी येईल ती. शेतात ज्वारी चांगली उभी आहे, पौषात हुरडा निघेल, तुझा बाप तो भाजायला आगटी लावील, सगळं खरं. पण तेवढी वाट बघायला लावू नकोस मला. चार दिवसांची का होईना, सुट्टी काढ. काही आणू नकोस, लॅपटॉप पण नको. मी कामं आधीच हातावेगळी करून ठेवते. ये बाई. लवकर ये.